मौद्याच्या वावरात माझं निंदण

पुण्याहून निघताना मी खास नवे गमबूट घेतले. बॅगेत मावेनात म्हणून पायात घातले आणि नागपूरच्या कोरड्या ठणठणीत फलाटावर तसाच उतरलो. न्यायला आलेल्या संजयने बुटांकडे पाहिलं आणि मैत्रीखातर फक्त माझी बॅग उचलली.

संजय संगणकाची नोकरी सोडून मौद्याजवळ वडिलांच्या वावरात (शेतात) परतलाय. वडिलांनी, श्यामरावजींनी, पाचपैकी एक एकर त्याला पर्माकल्चरसाठी दिलेला. नांगरायचं नाही, फवारायचं नाही, माती उघडी ठेवायची नाही. उरलेले चार एकर द्यायचे की नाही, ते श्यामरावजी रविवारी सांगणार होते. मी शनिवारी पोचलो.

वीजकेंद्राच्या चिमण्या मागे पडल्या आणि शेत आलं. सरळ वाफा नावालाही नव्हता. मधोमध दगडांनी आखलेला शंखाकृती वाफा, त्यात श्यामरावजी टोपली घेऊन गोल फिरत होते.

"काय करताय, काका?"

"सांबार (कोथिंबीर) तोडाले निघालो. अजून पोचून राहिलो."

जेवायला झुणका-भाकर आणि तरोट्याची रानभाजी होती. संजयने मातीतल्या बुरशीवर व्याख्यान सुरू केलं. माझा घास हातातच राहिला. शेवटी त्याची बायको संध्या म्हणाली, "अहो, पाहुण्याले जेवू द्या आधी. बुरशी मागून वाढा."

रविवारी सकाळी घरातले चहा घेत असताना मी एकटाच वांग्यांच्या वाफ्यात गेलो. ओळींमध्ये गवत माजलेलं. आज निकाल, आणि हा पसारा! मित्राची लाज राखावी म्हणून तासाभरात मी ते सगळं मुळासकट उपटलं.

संजय आला आणि ढिगाकडे पाहत मटकन खाली बसला.

"अरे, तो बोरू होता. मातीला खत म्हणून मुद्दाम पेरलेला. बाबांना हाच वाफा दाखवणार होतो."

मला बूट काढून पळावंसं वाटलं. तेवढ्यात श्यामरावजी आलेच.

"वा! तीन वर्सांत पहिल्यांदा निंदण (खुरपणी) झालं इथं."

संजयची मान खाली गेली. श्यामरावजी मात्र गुडघ्यांवर बसले. त्यांनी मातीत बोटं खुपसली, मूठभर उचलली, चुरली. भुसभुशीत माती, तिच्यात वळवळणारी गांडुळं. त्यांचं हसू मावळलं. ते माझ्याकडे वळले.

"काहून उघडं पाडलं गा हिले? ऊन लागून राहिलं ना तिले!"

संजयने मान वर केली. "बाबा, बाकीचं वावर?"

"कुटार (भुसा) आण आधी, हे झाकू. मंग चार एकराले किती लागंल, त्याचा हिशेब कर."

दुपारभर आम्ही तिघांनी मिळून माझी मदत निस्तरली.

परतीच्या गाडीत समोरच्या गृहस्थांनी विचारलं, "शेती पाहायला गेला होतात? काय शिकलात?"

सांगण्यासारखं बरंच होतं. पण नखांत अजून माती होती, म्हणून खरं तेच सांगितलं.

"विचारल्याशिवाय हात न लावायला."