एगनॉग आणि जायफळाचे फेरे

हे मी कुणालाच सांगायचं नाही, असं आईने दोनदा बजावलंय. वर्गात मी तशीही फारशी बोलत नाही, त्यामुळे तिला माझी खात्री आहे. पण आमच्या घरी एगनॉगचे किस्से दर नाताळला एकेक करून साठत जातात, आणि यंदाचा किस्सा आधीच्यांशिवाय कळणारच नाही. म्हणून पहिल्यापासून सांगते.

*

माझे आजोबा, म्हणजे आबा, एका मिशनच्या दवाखान्यात स्वयंपाकी होते. तिथल्या परदेशी डॉक्टरीणबाईंनी त्यांना एगनॉग शिकवलं. अंड्यांचे बलक साखरेत फेटायचे, कोमट दूध धार धरून घालायचं, मंद आचेवर दाट करायचं आणि शेवटी रम. आबा दारूला शिवत नसत. त्यांनी रमच्या जागी जायफळ वाढवलं.

बाईंनी चव घेतली. "रम कुठंय?"

"बाई, झोप आल्याशी मतलब ना!"

जायफळ सहाणेवर उगाळायचं. जितकी माणसं पिणार तितके फेरे, आणि प्रत्येक फेऱ्याला एकाचं नाव घ्यायचं. हा नियमही आबांचाच. आबा गेले त्या वर्षी पप्पांच्या तोंडून सवयीने पहिलं नाव "आबा" असंच आलं. हात तिथेच थांबला. मग त्यांनी सहाण धुतली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

*

शेजारचे नाना मूळचे साक्रीकडचे. त्यांच्या घरी अंडं चालत नाही. आम्ही धुळ्यात या घरी आलो त्या नाताळात त्यांनी तीन ग्लास रिकामे केले. "भाऊ, हाई पिवळं दूध भारी शे!"

पप्पांना राहवेना. "नाना, यात अंडी आहेत."

नानांनी शांतपणे मिशा पुसल्या. "मी तुले इचारं का?"

तेव्हापासून दर चोवीस डिसेंबरला ते फाटकात येऊन उभे राहतात. पण विचारत काहीच नाहीत!

*

जळगावच्या आत्याने एकदा हट्टाने स्वतः करायला घेतलं. उकळत्या दुधात सगळी अंडी एकदम ओतली. पातेल्यात नुसत्या गुठळ्या!

पप्पा म्हणाले, "ताई, तुम्ही जळगावकर कशाचंही भरीतच करता का गं?"

आत्या दोन दिवस बोलली नाही. जाताना मात्र ते 'भरीत' डब्यात भरून घेऊन गेली.

*

मागच्या वर्षी नाशिकला पप्पांच्या जिभेचं ऑपरेशन झालं. गुटख्यामुळे. स्कूटरच्या डिकीत पुड्या असतात हे आम्हाला सगळ्यांनाच माहीत होतं. पप्पांनी तो सोडला, पण उशीर झाला होता.

डॉक्टर म्हणाले, "पातळ आणि ताकदीचं द्या."

आईने भीतभीत विचारलं, "एगनॉग चालेल?"

"अंडं नीट शिजू द्या."

म्हणून नाताळला आईने ते गाळून नाकातल्या नळीतून दिलं. पप्पांना बोलता येत नव्हतं. चवीचा तर प्रश्नच नव्हता, थेट पोटात! तरी त्यांनी हाताने खूण करून पाटी मागितली आणि लिहिलं, "जायफळ कमी पडलंय."

आई हसत हसत बाहेर गेली. ती बराच वेळ आत आली नाही.

*

यंदा पप्पा हळूहळू बोलायला लागले, मऊ भात खायला लागले. या महिन्याच्या सुरुवातीला पुन्हा तपासणी झाली. रिपोर्ट आणायला आई एकटीच गेली. आजार परत आलाय, आणि आता ऑपरेशन होणार नाही.

आई आणि आत्याने ठरवलं की नाताळ होईपर्यंत पप्पांना कळू द्यायचं नाही. 'रिपोर्ट अजून यायचाय' असं त्यांना सांगितलंय. फाइल आईने गव्हाच्या कोठीत लपवलीय. मी सांगायचं नव्हतं ते हेच.

परवा आत्याचा फोन नेमका पप्पांनी उचलला.

"ताई, रडतेस का?"

"कांदा चिरतेय."

"एका हाताने?"

*

आज चोवीस तारीख. दुपारी आई आत्याला आणायला स्टँडवर गेली होती. स्वयंपाकघरात आम्ही दोघंच. पप्पांचा हात लवकर दुखतो, म्हणून मी उगाळणार आणि ते नावं घेणार, असं ठरलं.

"नाना."

मी एक फेरा घेतला.

"ताई."

"तुझी आई."

"तू."

मग ते म्हणाले, "बास. झालं."

मी मोजले. चारच झाले होते. आज सकाळी कोठीतून दळण पप्पांनीच काढून दिलं होतं, हे मला तेव्हा आठवलं.

मी वर पाहिलं नाही. नाव न घेता आणखी एक फेरा घेतला.

"हा कुणाचा?"

मी सहाण त्यांच्याकडे सरकवली. पप्पांनी सहाणेकडे पाहिलं.

"मग जरा दाबून घे," ते म्हणाले. "इतका हलका फेरा आबांना चालला नसता."

मी जायफळ पुन्हा टेकवलं, पप्पांनी माझ्या हातावर हात ठेवला, आणि

"रूथ! लिहीत काय बसलीस? आत्या आली बघ. ग्लास काढ. पाच!"

पप्पा हाक मारतायत.