लक्षात असू द्या

आमच्याकडे मुलीच्या लग्नाचं कुणी थेट बोलत नाही. लग्नघरातून जेवून निघताना बाप उंबऱ्याशी रेंगाळतो, चप्पल शोधल्यासारखं करतो आणि यजमानाला हळूच म्हणतो, "आमची पोर लक्षात असूंद्या हां." एवढ्यावर समोरच्याला सगळं कळतं. माझे वडील हे वाक्य झकास म्हणायचे, आणि मी मागे उभी राहून दातओठ खायचे. मी काय बाजारात मांडलेला भोपळा आहे का, असं मला वाटायचं.

मग मी डी.एड. झाले, धसईजवळच्या शाळेत लागले, आणि वडील अचानक गेले. ते वाक्य त्यांच्याबरोबर गेलं. धाकट्या भावाचं शिक्षण झालं, नोकरी लागायच्या आधीच त्याचं लग्नही झालं. मी तिशीला टेकले. घर माझ्या पगारावर चालायचं आणि माझ्या लग्नाचा विषय कधी निघायचा नाही. आईसुद्धा काढायची नाही. आपणहून कसं म्हणणार, की अहो, माझंही बघा कुणीतरी? लाजेने जीभच वळायची नाही.

त्या सुमारास नोकरीसाठी कम्प्युटरचा कोर्स सक्तीचा झाला होता. कोर्समध्येच मला कळलं, की लग्न जमवायच्या साइट असतात, तिथे स्वतःची माहिती स्वतः टाकता येते. मुरबाडला सायबर कॅफे होता, पण मुरबाडमध्ये मी शिंकले तरी आईला धसईत कळायचं. म्हणून रविवारी एसटी बदलत शहापूर गाठलं. तिथे कोण ओळखणार मला?

कॅफे म्हणजे झेरॉक्सच्या दुकानामागे प्लायवूडच्या खोपटात मांडलेले चार कम्प्युटर. मी कोपऱ्यातला धरला. धर्म बौद्ध, शिक्षण डी.एड., नोकरी कायम. मुरबाडच्या स्टुडिओत प्लास्टिकच्या फुलांपाशी काढलेला फोटो टाकला. 'स्वतःविषयी' असं विचारलं होतं, तिथे अडले. बाकीच्या मुलींनी काय लिहिलंय ते पाहिलं आणि तसंच लिहिलं: मनमिळाऊ, घरकामात निपुण. पिठलं करपवणारी मी! पण खरं लिहिलं तर कोण विचारणार?

शेवटी नाव आणि पासवर्ड टाकायची चौकट आली. त्याखाली एक बारका चौकोन होता आणि शेजारी इंग्रजीत लिहिलेलं, रिमेंबर मी. मला लक्षात ठेवा. मी थबकलेच. म्हटलं, बघा, ह्या लोकांनाही रीत माहीत आहे. सगळी माहिती देऊन झाली की निघताना म्हणायचं, लक्षात असू द्या. चांगलं स्थळ आलं की साइटवाले मला आठवणार, असाच मी त्याचा अर्थ लावला. वडिलांच्या मागे हे म्हणायला कुणी जागा ठेवली होती तर ती ह्या मशिनने. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खोटं कशाला सांगू. मी टिक केली, बटण दाबलं आणि माझं पान उघडलं.

तेवढ्यात लाइट गेली. भारनियमनाचे दिवस होते, त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. पडदा काळा झाला, मी पैसे दिले आणि बाहेर पडले. माझी समजूत अशी, की लाइट गेली म्हणजे फळा पुसला.

त्याच आठवड्यात मधल्या सुट्टीत डबे उघडले, तर मुरबाडहून येणाऱ्या बाई माझ्याकडे बघून गोड हसल्या. "निपुण बाई, आज काय आणलंय?" बाकीच्या दोघी पदरात तोंड घालून खुदखुदल्या. तो शब्द मी साइटवर सोडून कुठेच लिहिला नव्हता. मग ते रोजचंच झालं. चहात साखर कमी पडली, विचारा निपुण बाईंना. एकीने तर विचारलं, "फुलं खरी का प्लास्टिकची?" कान तापायचे, वर्गात जाऊन पाढे घेताना मुलांकडे बघवायचं नाही. तिशीतली बाई स्वतःचा फोटो लावून नवरा शोधते, हे सगळ्यांना ठाऊक झालं होतं. ह्यापेक्षा चोरी करताना सापडले असते तर बरं, असं वाटायचं.

रविवारी तणतणत शहापूरला गेले. कॅफेवाल्याला म्हटलं, "माझं पान लोकांना कुणी दाखवलं?" तो बिचारा गांगरला. "मॅडम, दाखवलं नाय कोणी. तुमच्यानंतर मुरबाडचे एक सर बसले. त्यांना पण तीच साइट पायजे होती, बहिणीसाठी. उघडली तर तुमचंच नाव आलं. कुकी राहिली ना तुमची."

"बिस्किटाचं काय सांगताय मला?"

"बिस्किट नाय ओ. साइट आपल्या कम्प्युटरमध्ये चिठ्ठी ठेवते. हे गिऱ्हाईक ओळखीचं, परत आलं तर विचारू नको, आत घे. तुमी टिक नसती केली तर लाइटबरोबर चिठ्ठी पण गेली असती. टिक केली म्हणून राहिली. आता गिऱ्हाईक तुमी का दुसरं कोण, ते तिला काय कळतंय?"

म्हणजे लक्षात ठेवलं होतं ते मला नाहीच, त्या खुर्चीला. भातगिरणीत पोत्याला आपण ओळखीची चिंधी बांधतो, पण पोतं कुणी उचललं ते चिंधी बघत नाही. तसलाच प्रकार. आणि ते मुरबाडचे सर म्हणजे मला निपुण म्हणणाऱ्या बाईंचेच मिस्टर. नवऱ्याला सोडून आलेल्या बहिणीसाठी तेही लोकांच्या नजरा चुकवून शहापूरलाच आले होते. हे स्टाफरूममध्ये बोलून बाईंचं तोंड बंद करता आलं असतं. जिभेच्या टोकावर होतं. पण ते बोलायचं तर मी त्या साइटवर काय करत होते तेही मोठ्याने बोलावं लागणार. गिळलं.

कॅफेवाल्याकडून मी सगळं शिकून घेतलं. काम झालं की नुसती खिडकी बंद करायची नाही, साइटमधून रीतसर बाहेर पडायचं. परक्या कम्प्युटरवर तो चौकोन कोराच ठेवायचा. वर टूल्समध्ये जायचं, इंटरनेट ऑप्शन्स, डिलीट कुकीज. मी माझं पान काढून टाकलं आणि रागाने त्या कम्प्युटरमधल्या सगळ्याच कुकीज उडवल्या. कॅफेवाला कळवळला, "मॅडम, तुमची काढायची, सगळ्यांची कशाला? आता गिऱ्हाईकं मला पासवर्ड विचारत बसतील." मला जरा बरं वाटलं.

पण लोकांच्या तोंडातलं कुठल्या टूल्समधून काढणार? धसईच्या बाजारात भाजी घेताना कुणीतरी आईच्या कानावर घातलंच. आई घरी आली, पिशवी ठेवली आणि चुलीपुढे बसून राहिली. मी म्हटलं, बोल एकदाचं काय ते.

"त्या मशिनला सांगितलंस, लक्षात असूंदे," ती म्हणाली. "मला नाय सांगावंसं वाटलं तुला?"

"तुला सांगायला लागतं का? तुझ्या लक्षात नाही?" माझा आवाज चढला.

तिने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग म्हणाली, "लक्षात व्हतं गो. रोज लक्षात व्हतं. पन तू गेलीस तर हे घर कशावर चालंल, ते पन लक्षात व्हतं. म्हनून नाय बोलले."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण आईच्या तोंडून ऐकल्यावर मला माझी लाज वाटेनाशी झाली आणि तिचीच वाटू लागली. ती खाली बघत होती आणि मीही.

त्या उन्हाळ्यात खर्डीला नात्यातलं लग्न होतं. मंगलपरिणय झाला, जेवणं झाली. निघताना आई उंबऱ्याशी थांबली आणि चप्पल शोधायला लागली. चप्पल तिच्या पायातच होती. आई, नको, लोक हसतात आधीच, असं म्हणायला मी पुढे झाले, पण तिने मला हातानेच मागे थोपवलं.

"आमची पोर लक्षात असूंद्या हां," ती यजमानीणबाईंना म्हणाली. वडिलांसारखं झकास जमलं नाही तिला. आजूबाजूच्या बायका वळून बघायला लागल्या.

"मास्तरीण आहे ना ती? घरकामात कशी आहे?" यजमानीणबाईंनी विचारलं.

धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं. आईने माझ्याकडे पाहिलं.

"घरकाम तिला येत नाय," आई म्हणाली. "तरी लक्षात असूंद्या."