आर्डिस टोलेफसन विरुद्ध राज्य

आमच्या ग्रॅनविक गावात एखादी बाई गेली, की दोन फोन व्हायचे. पहिला पास्टरना, दुसरा आर्डिस टोलेफसनला. मग आर्डिस आपली निळी पेटी उचलायची, अंत्यविधीगृहाच्या मागच्या दारानं आत शिरायची आणि त्या बाईचे केस धुऊन, रोलर लावून, ती रविवारी चर्चला यायची तशी करून ठेवायची. एकतीस वर्षं! कुणाचा भांग कुठल्या बाजूला, कुणाला कपाळावरचा व्रण झाकायचा असतो, सगळं तिला पाठ. त्यासाठी जे चाळीस डॉलर मिळत, ते ती तिथल्या तिथे फुलांना देऊन टाकायची.

आणि एका मार्चमध्ये राज्याच्या राजधानीतून केशकला मंडळाचं पत्र आलं. आर्डिसकडे परवाना नाही. परवान्यासाठी पंधराशे तासांचं शिक्षण हवं. जवळची शाळा नव्वद मैलांवर, आणि तिथे शिकवतात काय, तर नखं रंगवणं न् केस कुरळे करणं. बाईचं वय अडुसष्ट. फुकट केलं तरी गुन्हाच म्हणे. मेलेल्या माणसाच्या डोक्याची एवढी काळजी, आता बोला!

आर्डिसनं पत्राची घडी घालून ते खणात ठेवलं असतं. आमच्याकडची रीतच ती. पण लव्होन होती ना.

लव्होन हेग तिची पहिलीपासूनची मैत्रीण. चाळीस वर्षं गावच्या शाळेत शिकवलेली, जिभेला हाड नसलेली. तिचा कॅन्सर उलटला होता आणि बर्फ पडेपर्यंतच काय ते, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ती म्हणाली, "हे बघ आर्डिस, माझे केस तूच करायचे. त्या मॉलमधल्या पोरींच्या हाती मला देऊ नकोस, माझा अननस करून ठेवतील." आर्डिसनं शब्द दिला. दिला खरा, पण पाळायचा कसा?

व्हिटकॉम्ब इन्स्टिट्यूटचं नावही लव्होननंच काढलं. ही संस्था राजधानीत बसून जाडजूड अहवाल काढायची, कर कमी करा, नियम कमी करा, सरकारनं लोकांच्या वाटेतून बाजूला व्हावं, आणि शिक्षकांच्या युनियनच्या तर हात धुऊन मागे लागलेली.

"मेल्यांना चाळीस वर्षं शिव्या घातल्यात मी," लव्होन म्हणाली. "त्यांच्या माणसांना मत तर मेल्यावरही देणार नाही. पण पैसे न घेता कोर्टात भांडणारे तेवढेच आहेत. लाव फोन."

"तुझं पोस्टर छापतील बघ आता," आर्डिसचा नवरा ओरिन हसत म्हणाला. "हातात कंगवा घेऊन, मागे झेंडा."

"तू गप बस, कॉफी पी," आर्डिस म्हणाली.

संस्थेची कचेरी एका बँकेच्या वर, समोर विधानभवनाचा घुमट. वकील टेसा मोरालेस, तिशीतली, टेक्सासची. तिच्या मागच्या कपाटात सगळी आर्डिससारखीच परवान्यापायी अडलेली माणसं फायलींत बसलेली: घोड्यांचे दात घासणारा, घरी लोणची घालून विकणारी, शवपेट्या जोडणारा सुतार. या पोरीनं केशकला मंडळाचे सगळे नियम अक्षर न् अक्षर वाचले होते. आपल्या एका कंगव्यासाठी कुणी एवढं वाचत बसावं, हे आर्डिसच्या डोक्यात मावेचना.

टेसानं दाव्याचा पहिला कागद पुढे सरकवला. वर आर्डिस टोलेफसन. मध्ये 'विरुद्ध'. खाली राज्याचं नाव.

आर्डिसनं त्यावरून बोट फिरवलं. मग खिडकीतून घुमटाकडे पाहिलं. सहावीत असताना ती तिथे रांगेत उभी राहून आली होती, बाईंनी तोंडावर बोट ठेवायला लावलं होतं. तो एवढा घुमट, त्याखालची एवढी माणसं, एका बाजूला. आणि दुसऱ्या बाजूला ती.

"अगं पोरी, माझं नाव वर कसं?"

"तक्रार तुमची आहे ना, आर्डिसबाई. राज्याला उत्तर द्यावं लागेल."

"मला?"

"तुम्हालाच."

तिनं पेन मागून घेतलं आणि सही केली.

दाव्याचा निकाल लागायला दोन वर्षं. लव्होनकडे दोन महिनेही नव्हते. म्हणून टेसानं तात्पुरता हुकूम मागितला, आणि त्यासाठी एकच गोष्ट दाखवायची होती: या बंदीनं आर्डिसचं कधीही भरून न येणारं नुकसान होतंय.

राज्याचा वकील सभ्य माणूस. सुनावणीत आर्डिस साक्षीला उभी राहिली तेव्हा त्यानं हळूच विचारलं, "बाई, फार नुकसान झालं का हो तुमचं?"

"छे, फार असं नाही. चाललंय," आर्डिस म्हणाली.

टेसाचं पेन थांबलं.

"दुसऱ्या कुणी हे काम केलं तर?"

"करतील की. चांगल्या पोरी आहेत त्याही."

झालं! टेसानं डोळेच मिटले. तिला बिचारीला काय ठाऊक, आमच्याकडे मळणीयंत्रात हात गेलेला माणूसही "जरा खरचटलंय" म्हणतो. कॉफी विचारली की पहिल्यांदा नको, दुसऱ्यांदा नको, आणि तिसऱ्यांदा विचारलं तर अर्धा कप.

पण जज्ज हॉफ्टेन आमच्याच उत्तरेकडच्या शेतावर वाढलेले. त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"आणखी काही सांगायचंय, बाई?"

"नाही साहेब."

"नक्की?"

"उगाच तुमचा वेळ कशाला."

"मला वेळ आहे," ते पुढे वाकून म्हणाले. "सांगा."

आर्डिसनं कठडा धरला. "माझी मैत्रीण मरतेय. मी तिला शब्द दिलाय. ती तिथे पडलेली असेल, मी दाराबाहेर उभी असेन, आणि आत कुणी परकी बाई तिच्या डोक्याला हात लावेल. मला ते सहन व्हायचं नाही, साहेब. नाही व्हायचं."

आमच्यातल्या माणसानं चारचौघांत असं बोलावं! मागच्या बाकावर ओरिननं मान खाली घातली आणि टोपी तोंडावर धरली. राज्याचा वकील कागद आवरून खाली बसला.

मंगळवारी लव्होन गेली. हुकूम अजून आलेला नव्हता. तिचा नवरा व्हर्लिन अंत्यविधीगृहात जाऊन बसला आणि म्हणाला, "कुणी हात लावायचा नाही. आम्ही थांबतो." शुक्रवारी सकाळी टेसा तीन तास गाडी हाकत स्वतः हुकूम घेऊन आली. दोनच पानं. फक्त आर्डिस टोलेफसनपुरता, अंतिम निकाल लागेपर्यंत.

आत लव्होन पांढऱ्या चादरीखाली होती. औषधांनी गेलेले केस परत आले होते ते जेमतेम बोटाच्या पेराएवढे. टेसा पाहतच राहिली. घुमट, वकील, जज्ज, एवढा खटाटोप, तो एवढ्याशा केसांसाठी.

आर्डिसनं आधी कागद हातात घेतले आणि मैत्रिणीला मोठ्यानं वाचून दाखवले, दाव्याच्या नंबरापासून जज्जच्या सहीपर्यंत. "ऐकलंस ना गं? राज्य हो म्हणालं," ती म्हणाली आणि ढसाढसा रडली. मग डोळे पुसले, बाह्या सारल्या, नळ सोडला आणि पाण्याखाली हात धरून उभी राहिली. बराच वेळ.

"आर्डिसबाई, कसली वाट बघताय?" टेसानं विचारलं.

"पाणी कोमट होऊ दे," आर्डिस म्हणाली. "तिला गार सोसत नाही."