विज्ञानाच्या तासाला टकळी

मी पहिल्यापासून चुळबुळी. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी बांधलीय. एका जागी बसवलं की माझे पाय हलायला लागायचे आणि पाय दाबून धरले तर तोंड सुरू व्हायचं. परळच्या आमच्या शाळेत या रोगावर एकच उतारा होता, विज्ञानाचा तास. त्या तासाला बाई जळत्या मेणबत्तीवर पेला उपडा घालून ती विझवून दाखवायच्या, आणि "का विझली?" असं विचारलं तर निदान मार बसत नसे.

सातवीत गेले तर तो तास वेळापत्रकातून गायब. त्याच्या जागी सूतकताई. शिक्षणात सुधारणा होत होती म्हणे. मुलांनी पोपटपंची सोडून हाताने काम करावं आणि त्या कामातूनच गणित, भूगोल, विज्ञान शिकावं, असं वरच्या मंडळींनी ठरवलं होतं. विचार वाईट नव्हता, आज तर मला तो पुष्कळच बरा वाटतो. पण उद्योग म्हणून निवडलं काय, तर सूत काढणं! तेही गिरणगावात, जिथे निम्म्या वर्गाचे बाप सूत काढून खोकत घरी यायचे. ठरवणाऱ्यांपैकी एकाने तरी पाळी सुटताना लालबागच्या नाक्यावर उभं राहून बघितलं होतं का, हे मला अजून कोणाला तरी गाठून विचारायचं आहे.

माझे वडील साचाखात्यात होते, म्हणजे गिरणीत जिथे यंत्रावर सूत कातलं जातं तिथे. त्यांचे वडीलही तिथेच राबून गेले. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आल्यापासून वडिलांचं एकच पालुपद होतं, शिक. त्यातही विज्ञान शिक. देवळातलं काही आपलं नव्हतं, पण विज्ञान काही कोणाच्या बापाचं नाही, असं ते चाळीत चारचौघांना ऐकवायचे. मलाही तेच हवं होतं. त्यामुळे वेळापत्रक बदललं ही बातमी मी घरी सांगितलीच नाही.

सूतकताईला नवे गुरुजी आले. गिरगावात खोताच्या वाडीजवळ राहायचे. अंगात खादी, डोक्यावर पांढरी टोपी. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते आणि आमच्या भागात पांढरी टोपी म्हणजे सरकारच्या बाजूचा माणूस, असा सरळ हिशेब होता. गुरुजी कुठल्याच पक्षाचे नव्हते, पण नाक्यावरची पोरं "ए टोपी, उतार!" म्हणून मागे लागायची. गुरुजी टोपीही उतरवत नसत आणि रस्ताही बदलत नसत. हा हट्टीपणा मला आवडला. मी स्वतः काही कमी हट्टी नव्हते.

टकळी म्हणजे पितळेची लहानशी चकती आणि तिच्यातून आरपार गेलेली तार. ती फिरवायची आणि पिंजलेल्या कापसाच्या पेळूतून धागा ओढत न्यायचा. माझी बोटं त्यावर लवकर बसली. थंडी पडली आणि माझा धागा दुपारच्या वेळी तटातट तुटायला लागला. सकाळी तुटत नसे, दुपारीच तुटे. मी वैतागून गुरुजींना विचारलं, असं का? आधीच्या बाई म्हणाल्या असत्या, तुझं लक्ष नाही. गुरुजी म्हणाले, "मला काय वाटतं ते मी सांगणार नाही. तू शोधून काढ. मात्र एक कर, एका वेळी एकच गोष्ट बदल. बाकी सगळं होतं तसंच ठेव."

झालं. माझी झोपच उडाली. पेळू तोच, टकळी तीच, हात तोच ठेवला आणि फक्त जागा बदलली. गॅलरीत उन्हात कातलं, मग घरातल्या मोरीत, ओल्या फरशीवर कातलं. मोरीत धागा लांबच लांब निघाला. ओल! धाग्याला ओल हवी! मी शाळेत धावत गेले आणि धापा टाकत गुरुजींना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "गॅलरीत तू कशी होतीस?" उभी होते. "आणि मोरीत?" मोरीत उकिडवी बसले होते. "मग दोन गोष्टी बदलल्या ना?" इतका राग आला मला की टकळी त्यांच्या टोपीवर फेकावीशी वाटली. पण घरी जाताना रस्ताभर मी तोच विचार करत होते आणि मनातल्या मनात खूश होते. असं आजवर मला कोणी अडवलं नव्हतं.

पुन्हा सगळं करायचं तर सवड हवी होती. ती संयुक्त महाराष्ट्राच्या हरताळाने दिली. शाळा बंद, दुकानं बंद, गिरण्यांचे भोंगे बंद, रस्त्यावर घोषणा चाललेल्या. आई मला खाली जाऊ देईना, म्हणून मी गॅलरीत उकिडवी बसून कातायला लागले. गिरणी बंद म्हणून वडीलही घरी आहेत, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ते चहाचा कप घेऊन बाहेर आले आणि माझ्या हाताकडे बघत राहिले.

"काय गं, हे काय चाललंय?"

"शाळेचं आहे, बाबा."

"शाळेत सूत काढायला लावतात तुला?"

"सूत नाय ओ, विज्ञानच आहे. बघा ना, उन्हात..."

त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. कप खाली ठेवला आणि मागखात्याची गोष्ट त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यासमोर काढली. पगार चांगला तो कापड विणणाऱ्यांना. पण मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणारा लाकडी धोटा असतो, त्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढून घ्यावं लागायचं, आणि आमच्या तोंडाला लागलेला धोटा दुसऱ्या कोणी तोंडाला लावला तर तो बाटायचा. म्हणून आजोबांना मागावर घेतलं नाही, वडिलांनाही घेतलं नाही. तुम्ही सूतच काढा, असं सांगितलं. "दोन पिढ्या तेच केलं," ते म्हणाले, "आता शाळापण तेच सांगते व्हय तुला?" वडिलांचा ओरडा मला नवा नव्हता, पण त्यांचा आवाज कापताना मी कधी ऐकला नव्हता.

शाळा उघडली त्या दिवशी ते पाळी बुडवून माझ्याबरोबर आले. वर्गाबाहेरच्या कट्ट्यापाशी गुरुजींना गाठलं.

"गुरुजी, पोरीचं नाव काढायला आलोय."

"अहो, वर्षाच्या मध्ये? असं करू नका," गुरुजी म्हणाले. "तुमची मुलगी विचार करायला शिकते आहे. मी खोटं सांगत नाही, तिला विज्ञान येतंय."

"सूत काढून?"

"हो. श्रमाला हलकं मानू नये, एवढंच आम्ही..."

"मी कुठे हलकं मानतो? जल्माचं तेच करतोय. तुमची पोरं कुठे शिकतात?"

"एक मुलगी आहे. गिरगावात, हायस्कुलात."

"तिच्या हातात टकळी हाय?"

"शाळेत नाही. घरी कातते, रोज, माझ्याबरोबर."

"घरी कातते ती तिची हौस," वडील म्हणाले. "माझ्या पोरीच्या हातात टकळी शाळेनं दिली."

मी दोघांच्या मध्ये उभी होते. वडील बरोबर बोलत होते. गुरुजीही बरोबर बोलत होते. आणि मला हवं होतं ते दोघांनाही हवं होतं, मग माझंच का हिसकावून घेतलं जात होतं? "मला नाय जायचं दुसरीकडे," मी म्हटलं. वडील म्हणाले, "तुला कळत नाय अजून," आणि माझा हात धरून हेडमास्तरांच्या खोलीकडे चालू लागले. माझी उकिडवी बसून करायची तपासणी अर्धीच राहिली.

ओळखीपाळखी काढून त्यांनी मला दादरच्या एका हायस्कुलात घातलं, हिंदमाता थिएटरच्या पुढे. तिथे खरीखुरी प्रयोगशाळा होती. भिंतभर काचेची कपाटं, त्यात नळ्या, चंबू, तराजू. ते बघून मी वडिलांवरचा सगळा राग विसरले. तास सुरू झाला. सर उंच टेबलाशी उभे राहिले आणि आम्ही बाकांवर हाताची घडी घालून बसलो. सरांनी एका नळीत काहीतरी ओतलं, ते निळं झालं, त्यांनी कारण सांगितलं आणि आम्ही ते लिहून घेतलं. मी हात वर केला. मी करून बघू का? वर्ग हसला. सर म्हणाले, "काच फुटली म्हणजे? अकरावीला गेलीस की बघू." मग मी विचारलं, ते थोडंच ओतलं तर काय होईल? ते म्हणाले, पुस्तकात तेवढंच दिलंय.

संध्याकाळी वडील पाळीवरून आले ते हातपाय न धुताच माझ्यासमोर बसले. केसांत कापसाचा भुगा तसाच होता. डोळे मात्र सणाच्या दिवशी असावेत तसे.

"झाला काय विज्ञानाचा तास?"

"झाला."

"हातात काय दिलं?"

मला सगळं सांगायचं होतं. उन्हातलं आणि मोरीतलं सूत, दोन गोष्टी एकदम बदलल्याची चूक, हाताची घडी, निळं पाणी, सगळं. पण त्यांच्या तोंडाकडे बघून मला ते जमेना.

"काही नाही," मी म्हटलं. "तिथे हातात काहीच देत नाहीत."

वडिलांनी समाधानाने मान हलवली आणि आईला हाक मारून म्हणाले, "ऐकलंस? याला म्हणतात शाळा."