दुप्पट युरियाची सूर्यफुलं

पाण्याचा टँकर बांधाला लागला आणि गौरम्माक्का कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. साहेब यायला दोन तास होते. माझी लाडकी सूर्यफुलं माना टाकून उभी होती.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कन्नड मुलखात, पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका खाद्यतेल कंपनीत मी शेतीतज्ज्ञ होतो. म्हणजे व्हिजिटिंग कार्डावर तसं छापलं होतं. शहराबाहेर सर्जापूर रोडला तेव्हा शेतंच होती. गौरम्माक्कांचं कोरडवाहू शेत आम्ही ट्रायलला घेतलेलं. एका तुकड्यात नेहमीचा युरिया, शेजारी दुप्पट. युरियातून पिकाला नत्र मिळतं, नत्राने पानं वाढतात. पानं जास्त तर बी जास्त, बी जास्त तर तेल जास्त, असं माझं साधं गणित. दुप्पटवाला तुकडा महिनाभरात असा फोफावला, की मी शेतकऱ्यांसाठी पत्रकच लिहून टाकलं: ‘युरिया दुप्पट द्या.’ साहेब खूश. म्हणाले, “एकदा बघतो आणि छापायला देतो.”

मग पावसाने पाठ फिरवली, तीही नेमकी कळ्या धरायच्या वेळी. आधी सुकला तो दुप्पटवालाच तुकडा. मी रोग समजून औषध फवारलं. दोनदा. रोग नव्हताच, त्यामुळे गुण येण्याचा प्रश्न नव्हता. शेवटी टँकर सांगितला.

“सार, हे पाणी कशाला?” अक्कांनी कन्नडमध्ये विचारलं.

“स्वल्पच, अक्का. साहेब येतायत.”

“तुमच्या कागदाबरोबर सगळ्यांना टँकर पण वाटणार का?”

अक्कांनी कुदळ उचलली. नेहमीच्या तुकड्यात वीतभर खणलं. माती हाताला गार लागली. दुप्पटवाल्यात कोपरभर खणलं, नुसती धूळ.

“एवढी मोठी पानं, सार. पाणी पिणारच. सगळं आधीच पिऊन बसली.”

कॉलेजात हे मला शिकवलं होतं. परीक्षेत मी लिहिलंही होतं. टँकर परत पाठवला, आणि तो वळणाआड जाईपर्यंत मला पश्चात्ताप होत राहिला.

साहेब आले. पुण्याचे, कमी बोलणारे.

“दुप्पट युरिया कुठला?”

“हा, सर.”

“सुकलेला?”

“हो, सर.”

“फोनवर तुम्ही उलटं सांगितलं होतंत.”

“तेव्हा उलटंच होतं, सर.”

साहेबांनी खड्ड्यात हात घालून माती पाहिली. “पत्रक थांबवा,” एवढंच म्हणाले. टँकरचं मीच सांगून टाकलं. ते हसले नाहीत.

काढणीनंतर बी लॅबमध्ये गेलं. दुप्पटवाल्या तुकड्याचं बी कमी भरलं, आणि त्यात तेलाचा टक्काही कमी. नत्र जास्त झालं की बियात प्रथिनं वाढतात, तेल घटतं. रिपोर्ट माझ्याकडे सरकवत साहेब म्हणाले, “आपण तेल विकतो, बरोबर ना?”

नोकरी राहिली. नवं पत्रक निघालं: निम्मा युरिया पेरणीला, उरलेला पाऊस झाला तरच. अक्का वर्षानुवर्षं हेच करत होत्या. मी कधी विचारलं नव्हतं. पत्रकावर ‘आमच्या तज्ज्ञांचा सल्ला’ असं छापलं होतं. अक्कांनी ते माझ्याकडून वाचून घेतलं आणि विचारलं, “हे तज्ज्ञ कोण, सार?”

मी विषय बदलला. ट्रायल घेण्याआधी ज्याचं शेत त्याला विचारावं, हे मी त्यानंतर सगळ्या ज्युनियरांना सांगत आलो. कुणाकडून शिकलो, ते इथे पहिल्यांदाच सांगतोय.