राहून गेलेलं ‘कायले’

जावयाला ‘नाही’ म्हणायची रीत आमच्या घरात नाही. त्यांनी तिसऱ्यांदा पोहे मागितले, तर शेजारून आणून वाढू. हे मी चारचौघांत मोठ्या तोऱ्यात सांगायचो. आता सांगताना जीभ अडखळते.

धाकट्या बहिणीचं सासर गावातच, तळ्यापलीकडे. पावसाळा सरता सरता तिच्या नवऱ्याची, म्हणजे आमच्या जावयांची, झोप उडाली, माणसांत बसणं सुटलं. घरोघरी तब्येतीची विचारपूस करणाऱ्या गावच्या आशाताईनं ते हेरलं. त्यांच्या घरातलं फवारणीचं सगळं औषध तिनं पेटीत घालून कुलूप लावायला लावलं आणि किल्ली माझ्याकडे दिली.

“मले विचारल्याशिवाय कोणाले द्यायची नाही, भाऊ.”

“बाई, आमच्या घरी माझ्या हातात कोणी साखरेचा डबाही देत नाही,” मी म्हणालो.

एका दुपारी जावई आले. चहा अर्धाच घेतला. म्हणाले, “भाऊ, पेटीची किल्ली द्या जरा.”

‘कशाला’ न विचारता मी उठून दिली. वर विनोदही केला, “सांभाळा, हरवली तर माझी बहीण मलेच कुलपात ठेवीन.”

ते हसले नाहीत. माझे विनोद पडतातच, त्यामुळे मला काही वाटलं नाही.

घटकाभरानं आशाताई आली. मी सहज सांगितलं, तशी ती ओरडलीच, “धान कापून झाले ना, भाऊ! आता औषध कायले पाहिजे?”

जन्म धानात गेला माझा, आणि हे मला तिनं सांगावं!

आम्ही धावलो. माझी एक चप्पल वाटेतच राहिली. जावई तळ्याच्या पाळीवर बसले होते, किल्ली मुठीत. आशाताई शेजारी टेकली आणि तिनं सरळ विचारलं, “जीव द्यायचा विचार येऊन राहिला काय?”

मी हादरलो. असं बोललं तर नसलेलं डोक्यात भरेल की! पण ते “हो” म्हणाले आणि हमसून रडले. त्याच दिवशी त्यांना तालुक्याच्या दवाखान्यात नेलं.

उपचार अजून चालू आहेत. झोप लागते. किल्ली आता माझ्या बायकोकडे असते. ती जावयालाही ‘नाही’ म्हणू शकते.

परवा पोहे खाता खाता ते म्हणाले, “भाऊ, त्या दिवशी वाटलं होतं, तुम्ही तरी ‘कायले’ म्हणाल.”

मी आणखी पोहे आणायला उठलो.

“पोहे राहू द्या. बसा.”

मी बसलो. मग विचारलं, “आज कसं वाटून राहिलं?”