यादीतली सगळ्यात जड वस्तू

नवऱ्याने आमच्या एडमंटनच्या गॅरेजमध्ये सात वर्षं खपून दोन जणांचं विमान बांधलं. सातही विंटर आमची गाडी बाहेर बर्फात होती. विमान उडालं त्या दिवशी मी आधी गाडी आत घेतली.

लेक तेव्हा उत्तरेकडच्या एका वस्तीत नर्स होती. तिथे रस्ता जात नाही. "आई, डाळ शिजतच नाही. बाकी काही नको, फक्त कुकर आण," असं तिने फोनवर तीनदा सांगितलं. मी यादीत कुकर लिहिला आणि त्याखाली आणखी एकवीस वस्तू. प्रत्येक वस्तू काट्यावर तोलली, कारण नवऱ्याचा नियमच होता: आम्ही दोघं आणि सामान असलं की टाकी अर्ध्याच्या वर भरायची नाही, नाहीतर विमान वेळेत जमीन सोडणार नाही.

शेवटच्या थांब्यावर खडीची आखूड धावपट्टी होती, तिच्या टोकाला तळं, आणि पेट्रोल भरायला एक म्हातारा. "त्याला चौदा लिटर सांग," म्हणून नवरा वॉशरूम शोधायला गेला. बोलण्यात घोळ नको म्हणून मी वहीचं पान फाडून लिहून दिलं आणि डब्यांचे दोर तपासायला गेले.

नवरा परतला तेव्हा पेट्रोल टाकीच्या तोंडाशी आलं होतं.

"अठ्ठ्याण्णव मावेनाच, सॉरी," म्हातारा ओशाळून म्हणाला. "बावन्नला थांबलो."

नवऱ्याने चिठ्ठी पाहिली. मी सवयीने मराठी आकड्यांत १४ लिहिलं होतं. त्या बिचाऱ्याला एक नऊसारखा दिसला आणि चार आठसारखा.

"अगं, हा काय आपला नागपूरचा वाणी आहे?"

"लिहून दिलं की चुका होत नाहीत, असं तुम्हीच म्हणता."

"ते तू म्हणतेस."

ते खरं होतं.

जास्तीचं पेट्रोल काढून ठेवायला म्हाताऱ्याकडे रिकामं पिंप नव्हतं. मी यादी घेऊन बसले. तांदूळ, मसाले, लोणचं सगळं खोडूनही बेरीज जुळेना. कुकर खोडणार नव्हते. हत्यारांच्या पेटीचं नाव काढलं, तर नवरा म्हणाला, "पेटी राहिली तर मीही राहतो."

मग तो माझ्याकडे बघत राहिला.

"असं बघू नका. कळलं मला," मी म्हणाले. यादीच्या तळाशी 'मी – ६१ किलो' लिहिलं आणि खोडलं. बाकी सगळं पुन्हा यादीत आलं.

तो सामान घेऊन उडाला. मला न्यायला परत येईपर्यंत टाकी हलकी होणार होती. दोन तास मी डास मारत म्हाताऱ्याला मराठी आकडे शिकवले. त्याने ते शेडच्या दारावर खडूने उतरवून घेतले. "पुढच्या वेळेला," म्हणाला.

शेवटी मी पोहोचले. लेक धावपट्टीवरच उभी होती, हातात डाव. मी हात पसरले.

"आई, शिट्टी कुठंय?"

"काय?"

"कुकरची शिट्टी! डाळ भिजवून कधीची बसलेय. डॅड सेज यू वर ओव्हरवेट, म्हणून ठेवून आले. बट व्हेअर इज द शिट्टी?"

बारीक वस्तू हरवतात, म्हणून मी ती पर्समध्ये ठेवली होती. पर्स माझ्या खांद्याला होती. यादीत ती वेगळी लिहिलीच नव्हती.